सोळावं पान उलटं

कोर्टाच्या तळमजल्यावर फायली दाखल करायची एक खिडकी आहे. काचेला खाली अर्धगोल भोक, भोकाच्या आत एक हात, हाताच्या मागे जाड चष्मा. चष्म्यामागचे साहेब आलेली फाईल तपासतात आणि तिच्यातल्या त्रुटी काढतात. समास कमी, छपाई फिकट, सही रेषेच्या वर, शिक्का रेषेच्या खाली. सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणतात, अर्थात माघारी. नवे वकील त्या खिडकीवर तीन-तीन दिवस घालवतात आणि आपण कायद्याऐवजी दुसरं काहीतरी शिकायला हवं होतं, असं घरी जाऊन सांगतात.

टाचणीमावशीची फाईल मात्र दहा मिनिटांत पास व्हायची. एकतीस वर्षं असंच चाललं होतं, आणि त्यावरून कोर्टात तिच्याबद्दल नाही नाही त्या अफवा होत्या. कुणी म्हणे दोघांचं लांबचं नातं आहे, कुणी म्हणे जवळचं होता होता राहिलं. मावशीने एकही अफवा खोडून काढली नाही. फुकटचा दरारा मिळत असेल तर तो का सोडा, असा तिचा हिशेब.

ती एका वकिलाच्या ऑफिसात कारकून. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, आवाज उंचीच्या दुप्पट. खांद्याजवळ कपड्याला कायम पाच-सहा टाचण्या खोचलेल्या, म्हणून हे नाव. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे. त्या नावाने कुणी हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघते, कुणाला बोलावताहेत म्हणून.

थोरल्या वकिलांनी तिला टायपिस्ट म्हणून ठेवलं होतं. ते डोळे मिटून मजकूर सांगायचे, ती टाईप करायची. दुपारी सांगता सांगता त्यांना डुलकी लागायची आणि मावशी थांबायची नाही. आता म्हातारा पुढे काय म्हणणार हे तिला पाठ झालं होतं. त्या डुलक्यांमध्ये लिहिलेल्या परिच्छेदांवर थोरल्या वकिलांनी निदान दोन खटले जिंकले. न्यायाधीशांनी भाषेची स्तुती केली तेव्हा ते नम्रपणे हसले आणि मावशीला त्या संध्याकाळी अर्धा तास लवकर सोडलं.

पण खिडकीची किल्ली तिला थोरल्या वकिलांनी दिली नाही. ती दिली कोटवाल्यांनी.

कोटवाले म्हणजे कोर्टासमोरच्या इमारतीत जिन्याखाली बसणारे टेलर. नऊ बाय सहाची जागा, एक शिलाई मशीन, एक स्टूल, आणि भिंतीला लटकलेले काळे कोट. अख्ख्या कोर्टाच्या अंगावरचे कोट त्यांच्याच हातचे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मावशी एक फाईल घेऊन खिडकीवर गेली होती. रात्रंदिवस खपून, एकही चूक न ठेवता केलेली. भिंगसाहेबही तेव्हा नवेच होते. त्यांनी ती फाईल पाच वेळा परत केली. पाचव्या वेळी मावशी त्या जिन्यावर येऊन बसली आणि रडली. कोटवाल्यांनी मशीन थांबवलं, तिला चहा दिला आणि विचारलं, फाईलीत एखादी चूक ठेवली होती का? ती म्हणाली, छे, एकही नाही.

"मग तर अडणारच," कोटवाले म्हणाले. "मी प्रत्येक कोटात एक टाका सैल ठेवतो. आलेलं गिऱ्हाईक काहीतरी काढणारच. टाका सापडला की तो टाका काढतं. नाही सापडला की म्हणतं, कोटच बसत नाही."

दुसऱ्या दिवशी मावशीने फाईलीतलं एक पान उलटं लावलं आणि खिडकीवर गेली. भिंगसाहेबांनी पान पकडलं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. मावशी म्हणाली, चुकलंच साहेब. तिथल्या तिथे टाचणी काढली, पान सुलटं केलं, टाचणी लावली. फाईल पास.

त्या उलट्या पानाला ती मनातल्या मनात तीट म्हणायची. गुटगुटीत पोराला दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचं बोट लावतात, तेच हे. मात्र ते लावायलाही अक्कल लागते. एखाद्या महत्त्वाच्या पुराव्याचं पान उलटं लावलं तर साहेब तो पुरावाच तपासत बसायचे. तेव्हा सुरुवातीची कित्येक वर्षं मावशी अख्खी फाईल वाचून काढायची, कुठलं पान निरुपद्रवी आहे ते बघायची, आणि तिथे तीट लावायची. या तिटेबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही. थोरल्या वकिलांना नाही, नवऱ्याला नाही, नवरा गेल्यावर घरात राहिलेल्या नणंदेला तर नाहीच नाही. नणंद ही निवृत्त नर्स. तिला सांगितलेली गोष्ट आणि भिंतीवर लिहिलेली गोष्ट यात भिंतीवरची जास्त गुप्त राहते.

थोरले वकील थकले, घरी बसले. खुर्चीवर त्यांची मुलगी आली. हिला मावशीने फायलींच्या गठ्ठ्यावर बसवून भात भरवला होता, त्यामुळे ऑफिसात दोघीच असल्या की ती 'तू' आणि अशिलासमोर 'मॅडम'. वकीलबाई हुशार, कष्टाळू, आणि कुठलीही नवी वस्तू बाजारात आली की ती आपल्या टेबलावर नसेल तर जीव खालीवर होणारी. या वर्षी ती एआय घेऊन आली. खटल्याची कागदपत्रं त्याला द्यायची, दोन ओळीत काय हवं ते सांगायचं, की ते मसुदा लिहून देतं. अपील, अर्ज, प्रतिज्ञापत्र, काय म्हणाल ते.

मावशीने त्याचं नाव जावईबापू ठेवलं. कारण सरळ होतं. घरात येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर सगळे त्याच्या कौतुकात. त्याच्यासाठी खोलीत एसी लागला. त्याच्याशी बोलताना वकीलबाईचा सूर मऊ. त्याचं काही चुकलं तर दोष त्याचा नाही, आपण नीट विचारलं नाही म्हणून. आणि मावशी ज्या कामाला दोन दिवस घ्यायची ते हा चहा निवेपर्यंत करून टाकायचा. मसुदाही वाईट नाही, हेच जास्त झोंबायचं. स्वच्छ भाषा, नेटके परिच्छेद, कुठे काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

महिन्याभरात वकीलबाईने मावशीला समोर बसवलं आणि बरंच गोड बोलली. मावशी, तुझं वय झालं, दगदग कशाला, पुढच्या महिन्यापासून फक्त सकाळी दोन तास येत जा. मावशी बरं म्हणाली. घरी येऊन नणंदेला सांगितलं, तर नणंद म्हणाली की त्या यंत्राला काम येतं म्हणून नाही ठेवलेलं, त्याला तुझ्यासारखी जीभ नाही म्हणून ठेवलंय. मावशीने त्या रात्री भाजीत मीठ जास्त घातलं, आणि नणंदेने ती मुकाट्याने खाल्ली. यावरून नणंदेला वाईट वाटलं होतं हे मावशीला समजलं.

इकडे खिडकीवर वेगळंच चाललं होतं. जावईबापूंच्या फायली वकीलबाई स्वतः घेऊन जायची, आणि त्या पास होत नव्हत्या. भिंगसाहेब एकेक फाईल तासभर उलटीपालटी करायचे. चूक सापडायची नाही. मग ते पट्टी काढून समास मोजायचे. मग पानाचा कागद बोटांत चोळून बघायचे. नाहीच काही मिळालं तर म्हणायचे, धागा फार घट्ट बांधलाय. दोन महिन्यांत वकीलबाईची प्रत्येक फाईल तीनदा-चारदा परत आली. तिने जावईबापूंना विचारलं. त्यांनी खिडकीचे सगळे नियम सोळा मुद्द्यांत समजावून सांगितले. फाईल पुन्हा परत आली.

मावशी हे सगळं बघत होती आणि गप्प होती. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. जगात तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती जी एसीत बसून येत नाही. ती दिली की उरले फक्त सकाळचे दोन तास.

आणि अशात कोटवाल्यांचा खटला आला. इमारतीच्या मालकाला जिन्याखाली लिफ्टची खोली काढायची होती. खालच्या कोर्टाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. कोटवाल्यांना तीस दिवसांत अपील करायचं होतं आणि सोबत स्थगितीचा अर्ज जोडायचा होता. नाही केलं तर एकतिसाव्या दिवशी जागेला कुलूप. चाळीस वर्षं ज्यांनी काळ्या कोटांना अस्तर लावलं, त्यांचा खटला लढायला आठ वकील तयार झाले, आणि त्यांतल्या सहांचे शिलाईला दिलेले कोट कोटवाल्यांकडेच अडकलेले होते. काम वकीलबाईला मिळालं. निकालाची नक्कल मिळायला उशीर झाला, हे झालं, ते झालं, आणि अपील तयार झालं ते थेट तिसाव्या दिवशी.

सकाळी साडेदहाला वकीलबाई खिडकीवर गेली. बारा वाजता फाईल अकरा त्रुटी घेऊन परत आली. त्या दुरुस्त झाल्या. तीन वाजता फाईल चार नव्या त्रुटी घेऊन परत आली. खिडकी पाचला बंद होते. चार वाजता वकीलबाईला वरच्या मजल्यावर दुसऱ्या खटल्यात उभं राहायचं होतं. मावशीचे दोन तास सकाळीच संपले होते, पण कोटवाल्यांचा खटला म्हणून ती घरी गेली नव्हती. वकीलबाईने फाईल तिच्या टेबलावर ठेवली. तिचा चेहरा पार उतरला होता. गठ्ठ्यावर बसलेली ती चार वर्षांची पोर जशी शाई सांडली की दिसायची तशी.

"मावशी, तू कशी पास करून आणतेस ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "फक्त आज आण."

मावशी उठली. व्हरांड्यात आडोशाला जाऊन तिने फाईलीची टाचणी काढली, सोळावं पान उलटं केलं आणि टाचणी लावली. सोळावंच. गेली दहा-बारा वर्षं ती सोळावंच पान उलटं करत होती. कोण बसतंय वाचत? चष्म्याचा नंबर वाढला, फायली जाड झाल्या, मजकूर तोच तो. सोळाव्या पानावर सहसा काही महत्त्वाचं नसतं, एवढा अनुभव तिला पुरेसा होता.

चार वाजून वीस मिनिटांनी भिंगसाहेबांनी सोळावं पान पकडलं. दोन महिन्यांनी तो चेहरा उजळला. चुकलंच साहेब, मावशी म्हणाली. पान सुलटं झालं. साहेबांनी कोपऱ्यात खूण केली आणि फाईल बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली. पाच वाजता ते सगळ्या फायलींवर एकदमच शिक्के मारायचे. मावशी वळणार, एवढ्यात त्यांनी भोकातून हळूच हाक मारली. असं एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

"बरं झालं तुम्ही आलात," ते म्हणाले. "सकाळपासून ही फाईल माझ्याकडे आहे. रूप अगदी देखणं. पण कुणी वाचलीय की नाही, ते कळेना."

मावशीला काही उमगलं नाही. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं. आतला मजकूर तपासणं त्यांचं काम नाही, तो अधिकारच नाही. पण लोक न वाचता फायली आणून टाकतात हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून ते परत पाठवायचे. दोनदा परत गेली की निदान एकदा तरी कुणी ती उघडून बघतं. मावशीची गोष्ट वेगळी. ते उलटं पान मुद्दाम लावलेलं असतं हे त्यांना तिच्या दुसऱ्याच फायलीत समजलं होतं.

"चूक कुठे चालेल आणि कुठे नाही, हे कळायला सगळी फाईल वाचावी लागते," ते म्हणाले. "तुमचं उलटं पान दिसलं की माझा हात हलका होतो. हिने वाचलंय, म्हणतो, आणि पुढे जातो."

मावशी खिडकीपासून चार पावलं चालली आणि भिंतीशी टेकली. तिला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानाच्या पाळ्या तापाव्यात अशी. कोटवाल्यांनी सही केली, कारण वकीलबाईने वाचलं असेल. वकीलबाईने पुढे पाठवलं, कारण जावईबापूंनी नीटच लिहिलं असेल. साहेब शिक्का मारणार, कारण मावशीने वाचलं असेल. आणि मावशीने वाचलं नव्हतं, कारण सोळाव्या पानावर सहसा काही नसतं. चार शहाणी माणसं आणि एक यंत्र मिळून कुणी एक पान वाचलेलं नव्हतं.

तिला सरळ घरी जाता आलं असतं. फाईल पास झाली होती. परत मागितली आणि पाचच्या आत पुन्हा दिली नाही, तर मुदत गेली, दुकान गेलं, आणि ते तिच्यामुळे गेलं असतं. ती परत खिडकीशी आली आणि फाईल मागितली. साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. चार वाजून अठ्ठावीस. मला माहीत आहे, ती म्हणाली. त्यांनी फाईल बाहेर सरकवली.

समोरच्या बाकावर बसून मावशीने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत, जशी ती पूर्वी वाचायची. जावईबापूंचं लिखाण वाचणं म्हणजे गोड बोलणाऱ्या माणसाचं ऐकणं. मान आपोआप डुलायला लागते. तिने दोनदा स्वतःला चिमटा काढला. सोळा गेलं, वीस गेलं. तेविसाव्या पानावर, स्थगितीच्या अर्जाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: अर्जदार अशी हमी देतो की, स्थगिती मिळाल्यास सहा महिन्यांच्या आत तो सदर जागा स्वखुशीने रिकामी करून देईल.

तिने ते वाक्य तीनदा वाचलं. कोटवाले असं कधी म्हणाले नव्हते. ते तर म्हणाले होते, इथून मला बाहेर काढायचं तर मशीनसकट उचला. पण जावईबापूंनी असे हजारो अर्ज वाचलेले. बरेच भाडेकरू थोडी सवड मिळावी म्हणून अशी हमी देतात. तेव्हा त्यांनी चांगुलपणाने तीही घालून टाकली. जावयाने परस्पर सासऱ्याचं घर देऊन टाकावं तसा प्रकार. खाली कोटवाल्यांची सही होती, स्वच्छ आणि सुंदर.

मग जे झालं ते कोर्टाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मावशी धावली. रस्ता ओलांडून जिन्याखाली गेली आणि कोटवाल्यांना स्टुलावरून उठवलं. गळ्यात टेप, तोंडात सुई, तसेच ते निघाले. वाटेत तिने वकीलबाईला फोन केला. वकीलबाईने न्यायाधीशांची दोन मिनिटं मागून घेतली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. मावशीने तेविसावं पान तिच्यापुढे धरलं आणि परिच्छेदावर बोट ठेवलं. वकीलबाईने वाचलं. ती बाकावर टेकली आणि पेन शोधू लागली.

तिने पेनाने तो परिच्छेद पूर्ण खोडला आणि शेजारी सही केली. कोटवाल्यांनी सुई कॉलरला टोचली आणि त्यांनीही केली. काय खोडलं ते त्यांनी विचारलं, तेव्हा मावशीने मोठ्याने वाचून दाखवलं. कोटवाले टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळत राहिले.

चार अठ्ठावन्नला फाईल भोकातून आत गेली. साहेबांनी तेविसावं पान उघडलं, खोडलेलं वाचलं, मग न खोडलेलंही वाचलं.

"खाडाखोडीशेजारी तारीख नाही," ते म्हणाले.

मावशीच्या तोंडाशी जे आलं होतं ते छापण्यासारखं नाही. तिने तारीख घातली. शिक्का बसला. पाचची घंटा झाली.

बाहेर जिन्यावर वकीलबाईने तिला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि दोन टाचण्या टोचून घेतल्या. मावशी, तू वाचली होतीस म्हणून बरं, असं ती म्हणाली. मावशीला तिथे गप्प राहून मोठेपण घेता आलं असतं. तिला तो मोहही झाला, चांगला दोन पायऱ्या होईपर्यंत टिकला.

"नव्हती वाचली," ती म्हणाली. "साडेचारला वाचली. दहा वर्षं झाली, मी एकही वाचलेली नाही."

वकीलबाईने टाचण्या टोचलेला हात चोळला. मग म्हणाली की तिने स्वतःही नव्हती वाचली. दोघी कोटवाल्यांच्या दुकानात गेल्या. एका स्टुलावर दोघी मावत नव्हत्या म्हणून वकीलबाई उभी राहिली, आणि तिथेच मावशीने तिला तिटेची गोष्ट सांगितली. कोटवाले ऐकत होते. सैल टाक्याची युक्ती आपण दिली हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. ते म्हणाले, मी असं बोललो असेन तर गिऱ्हाईकाबद्दल बोललो असेन, कोर्टाबद्दल कसं बोलेन.

स्थगिती मिळाली. लिफ्टची खोली कागदावरच आहे आणि मालक अजून जिन्याने चढतो.

ऑफिसात जावईबापू आहेतच. वकीलबाईने त्यांना एकदा सांगून पाहिलं की प्रत्येक मसुद्यात एक निरुपद्रवी चूक ठेवत जा. त्यांनी आनंदाने ठेवली. अशिलाच्या जागी विरुद्ध पक्षाचं नाव घातलं. तेव्हापासून तो नाद सोडला. मावशी आता पूर्ण दिवस येते, ऑफिसातल्या खिडकीजवळचं टेबल आणि चांगला दिवा मागून घेतलाय, आणि जावईबापूंनी लिहिलेलं प्रत्येक पान ओळीखाली बोट ठेवून वाचते. एसी तिच्या बाजूला वळवलाय. नणंद म्हणते, एवढं वाचून डोळे जातील. मावशी म्हणते, मग तू वाचून दाखव, पण तू वाचलंस की सगळ्या गल्लीला कळेल.

परवा ती पुन्हा एक फाईल घेऊन खिडकीवर गेली. मागे रांग होती. भिंगसाहेबांनी फाईल घेतली, थुंकी लावून सरळ सोळावं पान उघडलं आणि थांबले. पान मागून बघितलं, पुढून बघितलं. चष्मा वर करून मावशीकडे पाहिलं.

"सोळावं सुलटं आहे," ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "आता पहिल्यापासून शोधा."